कोड सहायकाची हद्द

चिरंजीव अनिकेत,

तुझ्या पत्रातील प्रश्न असा की, कोड सहायकाला, म्हणजे फायली वाचून त्यांत फेरफार करणाऱ्या आणि टर्मिनलवर आज्ञाही चालवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला, 'एवढ्याच फायलींना हात लावायचा' असे बजावूनही ती हद्दीबाहेर जात असेल, तर सूचना आणखी कडक शब्दांत लिहावी काय. तशी लिहिल्याने थोडा फरक पडतो, पण भिस्त ठेवावी इतका नाही. सहायकाच्या मुळाशी असलेल्या मॉडेलला ती सूचना समोरच्या मजकुराचा एक भाग म्हणून मिळते. तिच्याबरोबरच त्रुटींचे संदेश, इतर फायलींतील ओळी आणि 'काम पुरे कर' हा मूळ आग्रहही तिथे असतो, आणि काम लांबत गेले की आरंभीची सूचना मागे पडू शकते. कराच्या हिशेबातील पैशांचे पूर्णांकन सुधारण्याचे काम दिले, चाचणीत ११८.३५ अपेक्षित असताना कोड ११८.३४ देत राहिला, की एखादा सहायक चाचणीच्याच फायलीत ११८.३४ लिहून मोकळा होतो आणि 'सर्व चाचण्या उत्तीर्ण' असे कळवतो. ते विधान अक्षरशः खरेही असते.

हा पेच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधीचा आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या लेखात टाइमशेअर या कंपनीतील कंपायलरची, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणाऱ्या प्रणालीची, हकिगत सांगितली आहे. वापराची आकडेवारी नोंदवता यावी म्हणून त्या कंपायलरला स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये होती. आणि एका वापरकर्त्याने दोषशोधनाची माहिती कुठे लिहायची या रकान्यात नेमके त्या बिलांच्या फायलीचे नाव दिले. कंपायलरला अधिकार होताच, त्यामुळे कार्यप्रणालीने हरकत घेतली नाही आणि बिलांची माहिती पुसली गेली. आजचा कोड सहायक सहसा प्रोग्रॅमरच्याच खात्याचे सगळे अधिकार घेऊन चालतो, म्हणून त्याने केलेले लेखन कार्यप्रणालीला प्रोग्रॅमरचेच वाटते. एखाद्या परक्या फायलीत दडवलेली सूचना त्याने वाचून मनावर घेतली, तर तीही याच अधिकाराच्या जोरावर अमलात येते.

जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरताच अधिकार द्यावा हा दंडक, इथे जसाच्या तसा लागू पडतो. प्रश्न उरतो तो अंमल कुठे बसवायचा याचा. बहुतेक सहायकांत मनाई लिहिण्याची सोय असते, पण ती मनाई पुष्कळदा फाइल संपादित करण्याच्या साधनावर असते, फायलीवर नसते. त्यामुळे संपादनाला नकार मिळालेला सहायक टर्मिनलकडे वळून 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने तीच ओळ बदलू शकतो, आणि यात त्याची लबाडी असण्याचीही गरज नसते. एक वाट बंद दिसली की दुसरी शोधावी, हेच तर त्याच्याकडून अपेक्षित असते. भरीस भर म्हणजे मनाईची यादी पुष्कळदा प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये, लिहिता येईल अशा ठिकाणी असते. सहायकाला चोर म्हणणे अन्यायाचे होईल, पण जामदारखान्याच्या किल्ल्या त्याच्याच हाती राहतात हे खरे.

म्हणून हद्द कार्यप्रणालीत आखावी. कंटेनरमध्ये, म्हणजे उरलेल्या संगणकापासून अलग केलेल्या कप्प्यात, सारा प्रकल्प केवळ वाचनासाठी जोडून नेमके एखादे फोल्डर लेखनासाठी खुले ठेवता येते, लिनक्सच्या ५.१३ या २०२१ मधील आवृत्तीपासून आलेल्या लँडलॉक या सोयीमुळे तर प्रोग्रॅमला प्रशासकीय अधिकार नसतानाही स्वतःवर असे निर्बंध घालून घेता येतात, आणि त्याने चालवलेल्या पुढच्या आज्ञांनाही ते चिकटून राहतात, त्यामुळे 'सेड'ची पळवाट आपोआप बुजते. वाचनाची मुभा सढळ असावी, कारण आजूबाजूचा कोड न वाचता केलेली दुरुस्ती बहुधा कच्ची निघते. मात्र पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांच्या फायली वाचनातूनही वगळाव्यात, कारण मॉडेल दूरच्या सर्व्हरवर चालत असेल तर वाचलेला मजकूर तिथे पोहोचतो.

काम झाल्यावरची तपासणीही वाटते तितकी सोपी नसते. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीची 'गिट डिफ' ही आज्ञा नोंदीत असलेल्या फायलींतले बदल दाखवते, नव्याने तयार झालेल्या फायली दाखवत नाही. त्या 'गिट स्टेटस'मध्ये दिसतात. आणि गिटने दुर्लक्ष करावे असे ठरवलेल्या फायली, ज्यांत नेमक्या गुप्त माहितीच्या फायली बहुधा असतात, नेहमीच्या वापरात दोन्हींकडे दिसत नाहीत. कमिटच्या आधी चालणारी स्थानिक तपासणी एका पर्यायाने टाळता येते, म्हणून बदललेल्या फायलींची यादी परवानगीच्या यादीशी ताडण्याचे काम सर्व्हरवर व्हावे हे बरे.

कधी कधी कामालाच बाहेरची फाइल लागते: नवे पॅकेज घेतले की त्याच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी फाइल बदलणारच. अशा फायली आधीच यादीत घालाव्यात, आणि न सुचलेल्या फायलीपाशी सहायकाने थांबून कारणासह परवानगी मागावी असे ठरवावे. मिळालेली परवानगी त्या कामाबरोबर संपावी. नाहीतर महिन्याभरात यादी इतकी फुगते की ती नसल्यासारखीच होते.



काका