नव्याच्या बाजारात जुना खेळ

दर महिन्याला नवे यंत्र, नवा फोन आणि नवा खेळ विकणारी टोकियोतील अकिहाबाराची पेठ जगप्रसिद्ध आहे. याच पेठेतील अरुंद जिने चढून वर गेले की चाळीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम आजही खेळणारे लोक भेटतात. त्या वरच्या मजल्यांची ही ओळख.

टोकियो स्थानकावरून यामानोते मार्गाची गाडी पकडली की दुसरेच स्थानक अकिहाबारा. 'इलेक्ट्रिक टाउन' अशी पाटी असलेल्या दाराने बाहेर पडावे आणि क्षणभर भिंतीला टेकून उभे राहावे. समोर आठ-आठ मजली इमारती, त्यांच्या अंगभर रंगीत जाहिराती, दुकानादुकानातून येणारे संगीत आणि जिकडेतिकडे 'नवीन आले' असे सांगणाऱ्या पाट्या. जपानी अक्षर एकही वाचता येत नसले तरी त्या पाट्यांचा उत्साह समजतो.

या जागेचे नाव मात्र एका देवळावरून पडले आहे. १८६९ साली येथे मोठी आग लागली. पुन्हा आग पसरू नये म्हणून सरकारने जागा मोकळी ठेवली आणि तेथे अग्नीपासून रक्षण करणारे देऊळ बांधले. लोकांनी त्याला 'आकिबा' देवाचे देऊळ मानले आणि त्या मैदानाचे नाव पुढे अकिहाबारा झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त टोकियोत रेडिओचे सुटे भाग विकणारे फेरीवाले येथे जमले. पुढे त्यांना रेल्वेच्या पुलाखाली गाळे मिळाले. त्यातले काही बोळ आजही पाहायला मिळतात. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे इतके ते अरुंद!

रेडिओमागून दूरदर्शन संच, धुलाई यंत्रे आणि फ्रिज आले. मग संगणक आले आणि त्यांच्या पाठोपाठ व्हिडिओ गेम. प्रत्येक पिढीने आपल्या काळातील सर्वांत नवी वस्तू येथूनच घरी नेली. अशा पेठेत जुन्या वस्तूला जागा कोण देणार? पण जागा आहे, फक्त ती तळमजल्यावर नाही.

जिना चढून वर

अकिहाबारात जुने पाहायचे तर मान वर करावी लागते. तळमजल्याचे भाडे नव्या मालालाच परवडते. 'सुपर पोटॅटो' नावाचे जुन्या खेळांचे प्रसिद्ध दुकान एका साध्याशा इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आहे. जिना चढतानाच वरून टिंग-टिंग असे ओळखीचे सूर कानावर येतात. 'मारिओ'चे ते संगीत आपल्याकडच्याही कितीतरी घरांत १९९० च्या दशकात अहोरात्र वाजले आहे.

आत कपाटेच कपाटे. निन्तेन्दो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला बाजारात आणलेला 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे जपान्यांचा लाडका 'फॅमिकॉम', लाल-पांढऱ्या रंगात ओळीने मांडलेला असतो. काहींचे पांढरे प्लॅस्टिक जुन्या पुस्तकाच्या पानासारखे पिवळे पडलेले. खेळांच्या चौकोनी डब्या रंगारंगाने लावलेल्या. गंमत म्हणजे जपानीही या डबीला 'कासेत्तो' म्हणजे कॅसेटच म्हणतात. आपल्याकडची मुले तिला कॅसेट म्हणत, तेव्हा हा शब्द इतक्या दूरही चालतो हे कुणाला ठाऊक होते?

किमतीच्या चिठ्ठीवर बारीक तपशील असतो: खोके आहे की नाही, माहितीपुस्तिका आहे की नाही, चालवून पाहिले आहे की नाही. न चालणाऱ्या वस्तू वेगळ्या टोपलीत 'जंक' म्हणून स्वस्तात मिळतात. त्या टोपलीशीही गिऱ्हाईक बसलेले असते, कारण एका बिघडलेल्या यंत्राचे भाग दुसऱ्याला जीवदान देतात.

काही कॅसेटींच्या पाठीवर शाईने नाव लिहिलेले दिसते. मित्राकडे खेळ उसना गेला तर परत यावा म्हणून एखाद्या शाळकरी मुलाने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लिहिलेले नाव. जपानातील एका हौशी संग्राहकाने अशा नाव लिहिलेल्या कॅसेटी जमवून त्या मूळ मालकांना परत देण्याचा उद्योगच सुरू केला आहे.

सर्वांत वरच्या मजल्यावर जुनी नाण्यांची यंत्रे आहेत. शंभर येनचे नाणे टाकायचे आणि खेळायचे. शेजारी जुन्या काळचा स्वस्त खाऊ विकायला ठेवलेला. आम्ही गेलो तेव्हा बरोबर बारा वर्षांचा भाचा होता. त्याने बटण दाबले आणि तो वाट पाहत उभा राहिला. खेळ तर सुरू झाला होता. "मावशी, लोडिंग नाही? अपडेट नाही?" त्याने विचारले. एका मिनिटात त्याचे तिन्ही जीव गेले, आणि दुसरे नाणे मागायला त्याचा हात माझ्यापुढे आला.

चाळीस किलोबाइटची दुनिया

१३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ फक्त चाळीस किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र त्याहून कितीतरी पट जागा खाते. इतक्या थोड्या जागेत आठ राज्ये, किल्ले, भुयारे आणि समुद्र बसवायचे म्हणजे काटकसरच हवी. नीट पाहिले तर या खेळातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे. नुसता रंग बदलला की ढगाचे झुडूप होते! एका साडीतून परकर-पोलके आणि उरलेल्यातून पिशवी शिवणाऱ्या आपल्या आयांना या युक्तीचे नवल वाटणार नाही.

निन्तेन्दोचे एक अभियंता गुन्पेई योकोई यांचे तर हेच सूत्र होते. तंत्र जुने, स्वस्त आणि खात्रीचे झाले की मग त्याचा नवा उपयोग शोधायचा, असे ते मानत. १९८९ साली आलेल्या त्यांच्या 'गेम बॉय' या हातातल्या यंत्राचा पडदा रंगीत नव्हता, त्याच्यामागे दिवाही नव्हता. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी सेगा कंपनीने झगझगीत रंगीत पडद्याचे यंत्र आणले. पण ते सहा बॅटऱ्या काही तासांत संपवून टाकी, तर गेम बॉय चार बॅटऱ्यांवर कितीतरी अधिक काळ चाले. पुढे आलेल्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉयची विक्री जवळजवळ ११ कोटी ८७ लाखांवर गेली. नवे तंत्र हरले आणि जुने जिंकले, तेही नव्याच्याच बाजारात.

जुन्या खेळात शोधण्यासारखे आता काही उरले नसेल, असेही नाही. 'टेट्रिस' हा खेळ १९८४ साली मॉस्कोत जन्मला. निन्तेन्दोच्या यंत्रासाठी १९८९ साली निघालेली त्याची आवृत्ती कुणी माणूस 'शेवटापर्यंत' नेऊ शकेल असे वाटत नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली आणि यंत्रच गोठून थांबले. त्याच्या जन्माच्या वीस वर्षे आधीचा तो खेळ! जपानमध्ये तर शिन्या आरिनो हे विनोदी कलाकार २००३ पासून दूरचित्रवाणीवर जुने खेळ खेळत आले आहेत. ते पुन्हा पुन्हा हरतात आणि लोक ते आवडीने पाहतात.

बुद्धिबळ, सारीपाट किंवा मंगळागौरीचे खेळ जुने झाले, असे कुणी म्हणत नाही. मग चाळीस वर्षांच्या मारिओला म्हातारा का म्हणायचे?

खेळ टिकतो, यंत्र थकते

फरक एवढाच की सारीपाट फाटला तर खडूने जमिनीवर आखता येतो. व्हिडिओ गेमला मात्र त्याचे यंत्र लागते, आणि यंत्राला वय असते. अनेक कॅसेटींच्या आत रुपयाएवढी एक बॅटरी असते. खेळाडू कुठवर पोहोचला, हे ती लक्षात ठेवते. पंधरा-वीस वर्षांनी ती संपली की मुलाने उन्हाळ्याची सुट्टी घालवून जिंकलेले राज्य पुसले जाते. बंदूक रोखून बदके मारण्याचा 'डक हंट' आठवतो ना? ती बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चालते. नव्या चपट्या टीव्हीवर नेम कितीही अचूक असला तरी बदक मरत नाही. म्हणून आपण भंगारात दिलेले ते जाडजूड टीव्ही आज जाणकार शोधत फिरतात.

कंपनी तरी किती दिवस साथ देणार? निन्तेन्दोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये आणि दुरुस्ती २००७ मध्ये थांबवली. चोवीस वर्षे दुरुस्ती करून दिली हेही थोडे नाही. पण त्यानंतर हे काम दुकानदार आणि हौशी माणसे यांच्यावर आले. कॅसेटीचे दात स्पिरिटने पुसणे, जुनी बॅटरी काढून नवी डाग देऊन बसवणे, फुगलेले कपॅसिटर बदलणे ही कामे पुलाखालच्या रेडिओ कारागिरांच्याच जातीची आहेत. कॅसेटीत फुंकर मारण्याचा आपला रामबाण उपाय मात्र खोटा बरे का! फुंकरीतल्या ओलाव्याने धातूचे दात गंजतात, असे कंपनीच सांगते.

जपानात वस्तू जपण्याच्या दोन रीती दिसतात. अकिहाबाराजवळच्या आसाकुसा येथे सेन्सोजी मंदिराच्या आवारात ८ फेब्रुवारीला मोडक्या सुयांना निरोप देतात. वर्षभर कठीण कापडातून गेलेल्या सुईला शेवटी मऊ टोफूत विसावा. आपल्या खंडेनवमीला शिवणयंत्राला हळदकुंकू वाहणाऱ्यांना हा भाव लगेच समजेल. ही झाली मूळ वस्तूचा मान राखण्याची रीत. दुसरी रीत इसे येथील महामंदिराची. दर वीस वर्षांनी ते शेजारच्या जागेत जसेच्या तसे नव्या लाकडात बांधतात. याआधी ते २०१३ मध्ये बांधले गेले. लाकूड नवे, रूप तेच.

जुने खेळही या दोन्ही रीतींनी जगतात. वरच्या मजल्यावरचा दुकानदार मूळ यंत्र दुरुस्त करतो, ही पहिली रीत. कंपनीने २०१६ साली छोट्या फॅमिकॉममध्ये तीस जुने खेळ भरून विकले, ही दुसरी. पण इसेचे देऊळ टिकते ते दर वीस वर्षांनी कुणीतरी ते बांधते म्हणून. खेळांच्या बाबतीत तशी कुणावर सक्ती नाही. मार्च २०२३ मध्ये निन्तेन्दोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली आणि फक्त तेथेच मिळणारे खेळ विक्रीतून गेले. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर विकत मिळतच नाहीत, असे तिच्यात आढळले. अकिहाबारातील पिवळी पडलेली कॅसेट म्हणूनच नुसती आठवण नाही. कित्येकदा तो खेळ खेळण्याची तीच एक वाट उरलेली असते.

आपल्या माळ्यावर

भारतात १९९० च्या दशकात आलेली स्वस्त व्हिडिओ गेमची यंत्रे बहुतेक फॅमिकॉमचीच नक्कल होती. गल्लीतल्या दुकानात तासावर भाडे देऊन मुले 'कॉन्ट्रा' खेळत. घरी यंत्र आले की परीक्षा होईपर्यंत ते आई कपाटात कुलूपबंद ठेवी. त्यातले एखादे आजही माळ्यावर जुन्या गाद्यांमागे असेल. अकिहाबारात घेतलेली फॅमिकॉमची कॅसेट त्या यंत्राच्या खाचेत बहुधा नीट बसते. चाळीस वर्षांचे अंतर आणि असली-नकलीचा भेद एका खटक्यात मिटतो.

मुलांना नवा खेळ घेऊ नये, असे म्हणण्याचा हेतू नाही. पण आजचे पुष्कळ खेळ फुकट येतात आणि मग पावलोपावली पैसे मागतात. जुनी कॅसेट एकदा घेतली की तिच्यात सगळा खेळ असतो. ती जाहिरात दाखवत नाही, रात्री हाक मारत नाही. वडिलांनी मुलाला हरवावे आणि आठवड्याने मुलाने वडिलांना, एवढेच तिचे मागणे. ते यंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा लावून पाहायला काय हरकत आहे?

जायचे असेल तर

अकिहाबारातील बहुतेक दुकाने सकाळी अकराच्या सुमारास उघडतात. रविवारी दुपारी मुख्य रस्ता वाहनांना बंद असतो, त्यामुळे लहान मुले बरोबर असतील तर तोच दिवस बरा. परदेशी पर्यटकांची गर्दी वाढल्याने येथील भाव चढले आहेत. सवड असेल तर चुओ मार्गाने नाकानो येथे जावे. १९६६ सालच्या 'नाकानो ब्रॉडवे' या इमारतीतील 'मांदाराके'च्या दुकानांतही जुन्या वस्तूंचा मोठा साठा आहे.

क्योतोला जाणार असाल तर निन्तेन्दोचे संग्रहालय चुकवू नका. उजी शहरात ओगुरा स्थानकापासून पायी थोड्याच अंतरावर, कंपनीच्या जुन्या कारखान्यात ते २ ऑक्टोबर २०२४ रोजी उघडले. १८८९ मध्ये हाताने रंगवलेले पत्ते विकून सुरू झालेल्या या कंपनीचे पत्ते याच कारखान्यात बनत आणि ग्राहकांची यंत्रेही येथेच दुरुस्त होत. प्रवेशासाठी आधीच ऑनलाइन सोडतीत नाव द्यावे लागते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. जपानात वीज शंभर व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तेथून आणलेले जुने यंत्र थेट आपल्या सॉकेटला लावले तर ते जळेल. योग्य ट्रान्सफॉर्मर घ्या. चाळीस वर्षे सांभाळून ठेवलेली वस्तू आपल्या घरी पहिल्याच संध्याकाळी जाऊ नये.