शनीचे कान

21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या अगदी जवळ आले होते. दोघांमधले अंतर चंद्रबिंबाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. माझी छोटी दुर्बीण नुकतीच घरी आली होती. गुडघेदुखीमुळे आईला गच्चीचा जिना चढवत नाही. "मी फोटो काढून आणतो, तू खाली बसून बघ," असे मी मोठ्या तोऱ्यात सांगून गेलो.

नेत्रिकेतून दिसलेले दृश्य अप्रतिम होते. एकाच वर्तुळात कडीवाला शनी आणि आपल्या चंद्रांसह गुरू! पण मोबाइल हाताने नेत्रिकेवर धरला आणि सारे बिघडले. काळे आकाश पाहून मोबाइलने आपोआप प्रकाश वाढवला, त्यामुळे ग्रहांचे नुसते पांढरे डाग झाले. त्यात पृथ्वी फिरत असल्यामुळे, 90 पट मोठा दिसणारा ग्रह दोन मिनिटांत दृश्याबाहेर जाई. शोधाशोध करेपर्यंत दोघेही इमारतींच्या आड गेले. आईने ते डाग पाहिले आणि म्हणाली, "छान आहे." त्या 'छान'चा अर्थ मला कळला. गुरू-शनीची इतकी जवळची भेट पुन्हा 2080 च्या मार्चमध्ये!

मग रीतसर शिकायला लागलो. दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर ठेवायची, म्हणजे आतला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो आणि प्रतिमा कमी थरथरते. मोबाइल हातात न धरता क्लॅम्पने बसवायचा आणि प्रकाश स्वतः कमी करायचा. गुरूचे पट्टे दिसतील इतका प्रकाश कमी केला की चंद्र नाहीसे होत, चंद्रांसाठी वाढवला की पट्टे पुसले जात. दोन्हींसाठी वेगळे फोटो काढावे लागतात, हे बऱ्याच रात्री घालवल्यावर उमगले. शेवटची युक्ती म्हणजे फोटोऐवजी व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातल्या शेकडो चित्रांपैकी स्पष्ट तेवढी निवडून संगणकावर एकावर एक रचायची.

ऑक्टोबर 2021 मध्ये, पावसाळा सरल्यावर, शनीचा एक फोटो बरा आला. लहानसा, पिवळट, कडा पुसट. आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "अरे, याला तर कान आहेत!"

मी हसलो, पण मग आठवले. 1610 साली गॅलिलिओलाही ती कडी ओळखता आली नव्हती. शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे आहेत, असे त्याला वाटले. ते कडे आहे हे हायगेन्सने 1659 साली पुस्तकात मांडले. माझ्या फोटोने आईला गॅलिलिओपर्यंत तरी नेले होते!

इंटरनेटवर शनीचे याहून हजारपट सुंदर फोटो आहेत. आईला त्यातला एखादा दाखवणे सोपे होते. पण तिच्या पोथीत खूण म्हणून आज आहे तो आमच्या गच्चीवरून दिसलेला शनी.

विद्यार्थी मित्रांनो, मार्च 2025 मध्ये शनीची कडी आपल्याकडे काठाने वळली होती. आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत जाणार आहे. सुरुवात करायला हा काळ चांगला आहे. फक्त दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका, आणि पहिला फोटो बिघडला म्हणून ती माळ्यावर टाकू नका.