कमी वापरलेली सायकल विकणे आहे

गेल्या रविवारी माझी सायकल विकली. त्याबद्दल लिहावं की नाही यात चार दिवस गेले. लिहितोय, कारण यातला अर्धा विषय माझा आहे आणि अर्धा आपल्या जव्हार-मोखाड्याचा.

आधी कबुली देतो. ही सायकल १ लाख ६५ हजारांची होती. हो, सायकलच, मोटरसायकल नाही. कार्बनची फ्रेम, शिमानो १०५ चे गिअर, उचलली तर साडेआठ किलो. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून ज्या भागाचं नाव कुपोषणाच्या बातमीतच छापून येतं, त्या भागातल्या वार्ताहराने एवढ्या पैशाची सायकल घ्यावी का, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी बायकोने विचारला होता. "अहो, एवढ्यात एक स्कूटी आली असती, आणि वर एक म्हैस."

गोष्ट २०२१ ची. शुगर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. त्याच वर्षी वडिलांच्या फंडातला माझा वाटा हातात आला. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. पाड्यांवरच्या शाळांत त्यांनी काळ्या ॲटलस सायकलवर नोकरी केली. जिथे रस्ता संपायचा तिथे सायकल ओळखीच्या पडवीत टेकवायची आणि पुढे पायी. त्या ॲटलस कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. ती बातमी वाचून वडील दिवसभर गप्प होते. पुढच्या वर्षी ते गेले.

दुसरं कारण नाशिकचं. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. आपल्यापासून ऐंशीएक किलोमीटरवरची माणसं! तेव्हापासून डोक्यात किडा होता. जव्हार ते मोखाडा पंचवीसेक किलोमीटर, पुढे तोरंगण घाट चढून त्र्यंबक. चढ-उतार, साग, पावसाळ्यात ढग अंगावरून जातात. पुण्या-मुंबईचे लोक असल्या रस्त्यासाठी गाडीवर सायकली बांधून येतात, आपल्या तर दाराशी आहे. असं मी घरात पटवलं. निदान मला तसं वाटलं.

आता या वर्षी मुलीला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी आणि वसतिगृह मिळून पहिल्याच हप्त्याला ९० हजार पाहिजे होते. घरात विकण्यासारखी वस्तू एकच होती, ती पडवीत चादरीखाली उभी होती.

जाहिरात लिहायला बसलो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या लिहिल्या, पण स्वतःच्या वस्तूची चार ओळींची जाहिरात लिहिताना घाम फुटला. "रोड बाईक, साईज ५४, एकच मालक, मूळ बिल आहे, फक्त ९४० किलोमीटर चालवलेली, अगदी कमी वापर. किंमत ९५ हजार."

चार वर्षांत ९४० किलोमीटर. हौशी सायकलवाले एवढं अंतर महिन्या-दीड महिन्यात संपवतात. ते ज्याला ब्रेव्हे म्हणतात त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. एका ग्राहकाने फोनवर विचारलंच, "सर, एवढी कमी का चालली? काही प्रॉब्लेम आहे का?"

आहे ना. पण सायकलीत नाही.

या सायकलीचे टायर २५ मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याएवढे रुंद. हवा ९०-१०० पीएसआय, गाडीच्या टायरच्या तिप्पट. उघड्या खडीवर ती चालत नाही, थरथरते. पाऊस संपला की खड्डे, खड्डे बुजवले की त्यातली सुटी खडी, खडी दबली की पुन्हा पाऊस. वर्षात दोन-अडीच महिने ही सायकल चालवण्यासारखे, तेही निवडक पट्ट्यांत. पंक्चर झालं की आणखी मजा. हिचा व्हॉल्व्ह वेगळा, बारीक, प्रेस्टा म्हणतात. आपल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही, मध्ये पितळी अडॅप्टर लागतो. ट्यूब कुरिअरने मागवायची. पंक्चरवाले चाचा पहिल्यांदा बघून म्हणाले, "भाऊ, ही सायकल रस्ता सोबत घेऊन यायला पाहिजे होती."

खरी गोष्ट पुढेच आहे.

दोन वर्षांपूर्वी एका फाट्याच्या आत, नवीनच झालेल्या रस्त्यावर मी पडलो. गावाचं नाव लिहीत नाही. रस्ता नवा म्हणून बिनधास्त होतो. उतारावर पुढचं चाक पोपडा निघालेल्या डांबरात गेलं. मला गुडघ्याला टाके. सायकलीच्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर, केसाएवढी रेघ. त्यावर मी काळ्या रंगाचा टच-अप मारला, चादर टाकली आणि सायकल उभी करून ठेवली.

लोखंड वाकतं, ते दिसतं. कार्बनचं तसं नाही. ते आतून थरांनी बनलेलं असतं. मार लागला तर थर सुटतात, वरून काहीच कळत नाही, आणि एखाद्या दिवशी उतारावर एकदम तुटतं. पुढचा फोर्क तुटला तर माणूस थेट तोंडावर येतो. हे मला माहीत होतं. जाहिरातीत मात्र लिहिलं होतं, "कंडिशन उत्तम".

आणि त्या रस्त्याबद्दल मी काय बातमी दिली होती? कात्रण काढून बघितलं. मथळा माझाच: "मंत्र्यांच्या दौऱ्यापुरता डांबराचा थर". आत लिहिलंय की वरून काळं करून आतलं झाकलं, लोकांच्या जिवाशी खेळ. दोन वर्षांपूर्वी शिव्या देऊन लिहिलेलं. ते कात्रण हातात घेऊन मी पडवीत सायकलीसमोर उभा होतो. ठेकेदाराने रस्त्याला जे केलं तेच मी फोर्कला केलं होतं. त्याचा थर मोठा, माझा छोटा, एवढाच फरक.

बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगितलं तर किती कमी येतील?" म्हटलं, पंचवीस-तीस हजार. "आणि नाही सांगितलं तर?" त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. मुलगी आत बॅग भरत होती.

रविवारी नाशिकहून ग्राहक आला. तिशीतला पोरगा, बँकेत नोकरी, सोबत त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. माहीतगार होता. आधी सायकल उलटी करून पेडलच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी ताडून बघितला. हे मुद्दाम लिहितोय. सायकलीला आरसी बुक नसतं, आरटीओत नाव बदलावं लागत नाही, म्हणून चोरीची सायकल सहज खपते. जुनी घेताना बिल आणि फ्रेम नंबर बघा आणि साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सह्यांची पावती करा. मग त्याने चेन मोजायची पट्टी लावली. चेन ताणली गेली असेल तर गिअरही गेलेले असतात. मग खिशातून नाणं काढून फ्रेमवर टक-टक करत निघाला. चांगला कार्बन खणखणीत वाजतो, फुटलेला बद्द. नाणं फोर्कपर्यंत यायच्या आधी मी म्हणालो, "थांबा. तिथे मार आहे. मी रंग लावलाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या मुलीकडे बघितलं, ती आमच्या कोंबड्यांमागे पळत होती. "सर, जाहिरातीत लिहिलं नव्हतं तुम्ही."

"नव्हतं लिहिलं. चूक माझी."

मला वाटलं उठून जाईल. तो ओट्यावर बसून हिशोब करायला लागला. फोर्क बदलायचाच, त्याचे २५ हजार. फ्रेमही तपासून घ्यावी लागेल. कंपनीची फ्रेमची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते, ती त्याला मिळणार नाही. ५८ हजार म्हणाला. मी ६२ म्हणालो. ६० ला ठरलं. सायकल त्याच्या गाडीच्या टपावर बांधली आणि जव्हारच्या रस्त्यांवरून ती पहिल्यांदाच एकही धक्का न खाता गेली.

फीला ३० हजार कमी पडले. ते पतपेढीतून काढले. व्याज चालू आहे. खरं बोलल्याचं समाधान वगैरे विचाराल तर त्या रात्री मला झोप लागली नाही, हप्त्याचाच विचार होता. पण तो पोरगा त्या फोर्कवर घाट उतरणार नाही, हे नक्की.

आता तुमचा-आमचा अर्धा विषय.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, २०२२ पासून ५ हजार रुपये. योजना चांगली आहे, ज्या गावात रस्ता आहे तिथे मुली चालवतात, मी बघतो. पण दिवाळीनंतर एका पाड्यावर स्थलांतराच्या बातमीला गेलो होतो. अर्धी घरं वीटभट्टीला गेलेली. एका घराच्या पडवीत कुडाच्या भिंतीला सायकल दोरीने टांगलेली होती. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. आजीला विचारलं तर म्हणाली, नातीची आहे, पण पाड्यापासून सडकेपर्यंत सायकल डोक्यावर घ्यावी लागते, मग पोर चालतच जाते. ती ५ हजारांची आणि माझी १ लाख ६५ हजारांची, दोघींचं दुखणं एकच. दोन्ही कमी वापरलेल्या. माझ्याकडे निदान गिऱ्हाईक आलं.

रस्त्यालाही वॉरंटी असते, हे किती जणांना माहीत आहे? करारात तिला दोष दायित्व कालावधी म्हणतात. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि मुदत बघा. फलक नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझी सायकल घेणाऱ्याने नाणं वाजवून बघितलं. रस्ता ताब्यात घेताना आपण कोणीच वाजवून बघत नाही.

मी पडलो त्या रस्त्याचा अर्ज सोमवारी टाकलाय. दोन वर्षांपूर्वीच टाकायला पाहिजे होता, तेव्हा बातमी देऊन मोकळा झालो होतो. उत्तर आलं की इथेच टाकतो, जसंच्या तसं.

तोपर्यंत एक काम करा. तुमच्या पाड्यावर, गावात अशी टांगलेली, उभी राहिलेली सायकल असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि ती का उभी आहे एवढंच लिहा. मुलीचं नाव नको, फोटोही नको. यादी झाली की ती घेऊन मी स्वतः जाईन. एसटीने.