गोदाकाठी चार दिवसांचं घर

मुलांनो, हॉटेलात उतरलं की गाव बघून होतं. घर घेऊन राहिलं की गावाशी ओळख होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नाशिकला, पंचवटीत, चार दिवसांसाठी सामानासकट फ्लॅट भाड्यानं घेतला. गॅस, भांडी, गाद्या सगळं तयार. भाजी मात्र आपणच आणायची! मग काय, बुधवारी पिशव्या घेऊन निघालो गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात.

तिथं पायऱ्यांवर एक दादा जलरंगांत घाट रंगवत होते. निसर्गचित्रकार शिवाजी तुपे याच नाशिकचे. इथले घाट, देवळं, वाडे चित्रकारांना भारी आवडतात. दादांच्या चित्रात दुतोंड्या मारुतीही होता. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. २००८ च्या महापुरात तर पाणी सराफ बाजारात शिरलं होतं.

दादा म्हणाले, "गेल्या वर्षी रंगवलेला एक वाडा पावसात पडला. आता चित्र तेवढं उरलंय."

तुमच्याही गावात असा जुना वाडा असेल. वही-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसा. खिडक्या मोजा, दारावरची नक्षी नीट बघा, चित्र काढा. खाली तारीख लिहायला मात्र विसरू नका हं!