मदत जरा उशिरा करा

माझ्या कामाचा मोठा भाग माणसांना ‘मदत करू नका’ असं सांगण्यात जातो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पुण्यात घरोघरी जाते, आणि त्यातही पार्किन्सन्स झालेल्यांच्या घरी जास्त. दार उघडणारी व्यक्ती बहुधा सत्तरीची असते, मी जिच्यासाठी आलेली असते ती पंचाहत्तरीची. मुलं बंगळुरूला, नाहीतर न्यू जर्सीत. माझ्या फायलीत एक पेशंट आणि एक सांभाळणारं माणूस अशी नोंद होते. घरात मात्र दोन म्हातारी माणसं असतात आणि गुडघे दोघांचेही दुखत असतात.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. त्यात सहा जणांची हकिगत आहे, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात येता-जाता पाहिलेले. पुढे झुकलेलं अंग, भरभर पडणारी छोटी पावलं, विसावलेल्या हाताचा कंप हे सगळं त्यांनी बारकाईनं टिपलं. ती माणसं घरी गेल्यावर त्यांच्या सदऱ्याची बटणं कोण लावत होतं, हे मात्र त्या निबंधात नाही. माझं काम तिथून सुरू होतं.

बटणांचंच घ्या. मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की हालचाल लगेच नाहीशी होत नाही. ती सुरू व्हायला वेळ लागतो आणि ती आखूड होत जाते. काकांना शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात, काकूंना अर्धं मिनिट. कुकरची शिट्टी होत असते, पोळ्यावाल्या बाई खोळंबलेल्या असतात. काकू बटणं लावून टाकतात. काही महिन्यांनी काका आपसूक हनुवटी वर करून काकूंसमोर उभे राहू लागतात. सगळ्यांना वाटतं, आजार वाढला. थोडा वाढलेला असतोही. पण बटणं गेली ती बरीचशी घाईमुळे. मी सांगते, गळ्याजवळचं बटण सगळ्यांत अवघड, तेवढं तुम्ही लावा. बाकीची त्यांच्यावर सोडा, आणि तेवढा वेळ खोलीतून बाहेर जा. खोलीत थांबलात तर हात पुढे जाणारच.

अर्थात बटणं लावायची वेळही निवडावी लागते. लेव्होडोपाची गोळी घेतल्यापासून साधारण अर्ध्या-पाऊण तासानं अंग मोकळं होतं. आजार जुना झाला की तिचा अंमल पुढच्या गोळीच्या आधीच ओसरायला लागतो. तेच काका अकराला स्वतः दाढी करतात आणि एकला खुर्चीतून उठू शकत नाहीत. ‘मनात आलं की बरं जमतं यांना’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. मनाचा काही संबंध नसतो, गोळीचा असतो. म्हणून पहिल्या आठवड्यात मी काकूंना एका वहीत दोन गोष्टी लिहायला सांगते: गोळी किती वाजता दिली आणि अंग कधी सुटलं, कधी आखडलं. वही भरली की अंघोळ, दाढी, बँकेची कामं, फिरणं हे सगळं मोकळ्या तासांत बसवता येतं. डॉक्टरांनाही गोळ्यांच्या वेळा ठरवताना ती वही तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडे गोळी चहाबरोबर किंवा जेवणावर घ्यायची सवय. ही गोळी आतड्यातून रक्तात जाते ती प्रथिनांमधली अमिनो आम्लं ज्या वाटेनं जातात त्याच वाटेनं. वरण, उसळ, दही, दूध एकाच वेळी पोटात असलं की तिला वाट मिळायला उशीर होतो. गोळीचा परिणाम खालीवर होणाऱ्यांनी ती जेवणाआधी अर्धा ते एक तास पाण्याबरोबर घेतलेली बरी. मळमळत असेल तर एखादं साधं बिस्किट चालतं. मात्र कुणी ऐकीव माहितीवर वरण-उसळ बंदच करून टाकतात, ते करू नये. वजन आधीच उतरत असतं.

उठवणं हा दुसरा मोठा विषय, आणि इथे दोघांच्याही हाडांचा प्रश्न असतो. काका सोफ्यात रुतलेले, काकू समोर उभ्या राहून दोन्ही हात धरून ओढतात. ओढलं की काकांचं अंग मागे जातं आणि काकूंची कंबर धरते. हात अजिबात धरायचे नाहीत. आधी काकांनी पुढे सरकून कडेला यायचं, पावलं गुडघ्यांच्याही मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, आणि मोठ्यानं ‘एक, दोन, तीन’ म्हणत उठायचं. काकूंनी बाजूला उभं राहून फार तर पाठीवर तळवा ठेवायचा. त्यातून सोफा मऊ आणि बुटका असेल तर सगळं फुकट. हातांची जुनी लाकडी खुर्ची माळ्यावरून खाली काढा. प्लॅस्टिकची नको, ती उठतानाच कलंडते.

दारात पाय जमिनीला खिळतात तेव्हाही तेच. मागून ढकलू नका, ‘चला ना’ म्हणू नका. थांबू द्या, मग एखादी रेघ ओलांडायला सांगा. उंबऱ्याअलीकडे फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारले की पुष्कळांचं पाऊल सुटतं. सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना सरळ चढून जातो याचं घरच्यांना फार नवल वाटतं. पायऱ्यांच्या कडा हे तयार पट्टेच असतात. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीचे सांधेही हे काम करतात. ती उखडून चकचकीत टाइल्स बसवायचं चाललं असेल तर मी हात जोडून थांबवते.

सगळीकडे उशीर चालत नाही. बाथरूममध्ये आधीच मदत हवी: टॉवेलच्या दांडीला नव्हे, भिंतीत पक्क्या बसवलेल्या दांडीला धरायचं, आणि आतून कडी लावायची नाही. जमल्यास दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार हलत नाही. गिळतानाही ढिलाई नको. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर ती वयाची खोड समजू नये, डॉक्टरांना सांगावं. दिवाळीत चिवडा जपून द्या. भुगा, शेंगदाणे आणि वर घोटभर चहा असं एकदम तोंडात आलं की हमखास ठसका लागतो.

आता ज्यावर घरोघरी भांडणं होतात ते. पार्किन्सन्समध्ये आवाज लहान होतो, पण बोलणाऱ्याला तो पूर्वीइतकाच वाटतो. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, हसू उमटत नाही. आणि समोर बसलेल्या काकूंना गेली काही वर्षं कमी ऐकू येतंय, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. काका पुटपुटतात, काकू ‘काय?’ विचारतात, काका वैतागून गप्प होतात, त्यांचा कोरा चेहरा पाहून काकूंना वाटतं, अहो रागावलेत. चाळीस वर्षांच्या संसारात जे झालं नाही ते अबोले आता सुरू होतात. अशा घरात मी आधी काकूंचे कान तपासून घ्यायला सांगते. यंत्र काकूंच्या कानाला लागतं आणि काकांचं बोलणं सुधारतं! काकांना मात्र ‘स्पष्ट बोला’ म्हणून उपयोग नाही. ‘ओरडून बोला’ म्हटलं की ते नेहमीच्या आवाजात बोलतात.

बायको आजारी आणि नवरा सांभाळणारा, अशी घरंही पुष्कळ. तिथे घाई कमी आणि गोंधळ जास्त. काकांना हिंगाची डबी कुठे असते हे पंचाहत्तराव्या वर्षी कळतं. ते काकूंना कौतुकानं झोपाळ्यावर बसवून ठेवतात आणि स्वयंपाकाला बाई लावतात. मी काकूंची खुर्ची ओट्याशी नेते. मेथी निवडणं, मटार सोलणं, फोडणी कधी घालायची हे सांगणं ही कामं त्यांचीच राहू देत. एका काकूंच्या हाताचा कंप मटार सोलताना जवळजवळ थांबायचा; हा कंप विसावलेल्या हाताला जास्त असतो, हात कामाला लागला की बऱ्याचदा कमी होतो. ब्यूरोकडून बाई किंवा मामा येतात तेव्हाही हेच बजावावं लागतं. भरवून, पुसून, चटकन मोकळं होणं हे त्यांच्या दृष्टीनं चोख काम असतं, त्यात त्यांचा दोष नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. अक्षर बारीक होत जातं तशी सहीही बदलते आणि बँकेत अडते. खातं वेळीच दोघांच्या नावावर, कुणाही एकाच्या सहीनं चालणारं करून घ्या. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

राहिली सांभाळणाऱ्याची झोप. या आजारात काही जण स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करतात, हातपाय झाडतात. शेजारी झोपलेल्या काकूंना सकाळी निळे डाग दिसतात आणि त्या ते कुणाला दाखवत नाहीत. हे डॉक्टरांना जरूर सांगा, त्यावर औषध असतं. पलंग वेगळे करा. चाळीस वर्षांत वेगळं निजलो नाही म्हणून काकू नको म्हणतात. मग मी दोन पलंगांमध्ये हात पोचेल एवढंच अंतर ठेवायला लावते. कुशीवर वळता यावं म्हणून काकांच्या कमरेखाली जुन्या रेशमी साडीची घडी अंथरते, म्हणजे प्रत्येक वेळी काकूंना उठावं लागत नाही. कडेला मात्र सुती चादरच हवी, नाहीतर बसताना माणूस घसरतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘यांचं जरा स्थिर झालं की’ म्हणून पुढे ढकललेल्या काकू मला नेहमी भेटतात. हा आजार स्थिर होण्याची वाट पाहिली तर ऑपरेशन कधीच होणार नाही. तारीख आत्ता घ्या, त्या आठवड्यापुरतं मुलाला बोलवा. आणि रोज, काकांची गोळी लागू असेल त्या वेळात, तासभर घराबाहेर जा. भिशी, भजन, नुसती भाजी, काहीही. मी हे सांगितलं की काकू विचारतात, तेवढ्यात यांना चहा लागला तर? थर्मास आणि कप टेबलाच्या कडेपासून आत ठेवून जा, म्हणते मी. थोडा सांडेल. फडकं काकांच्या हाताशी ठेवा.