गारठलेला शब्द

इंग्रजीत 'क्लम्सी' असा एक शब्द आहे. ज्याच्या हातून कपबशी पडते, ज्याचा पाय रोजच्याच उंबऱ्याला अडखळतो, ज्याने मारलेली गाठ सुटते आणि सोडायला घेतलेली जास्तच घट्ट बसते, तो माणूस क्लम्सी. आपण त्याला वेंधळा म्हणतो, धांदरट म्हणतो. आमच्या निफाड तालुक्यात एखादी म्हातारी चिडली तर सरळ विचारते, "हात काय गहाण ठेवलेत का रं?"

माझं शिक्षण दहावीपर्यंत. शाळेत इंग्रजीचा तास आला की पोटात गोळा यायचा, त्यामुळे या भाषेशी माझी सलगी कधी झाली नाही. पण मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिच्या घरी एक जाडजूड डिक्शनरी आहे. तिच्यात नुसता अर्थ नाही, तर शब्दाचं कूळ-मूळ पण दिलेलं असतं. आपल्याकडे सोयरीक जुळवताना आजोळ-पणजोळ विचारतात ना, तसं. ती एकेक शब्द काढून मला समजावून सांगते, आणि मी सातबारा ऐकावा तसा कान देऊन ऐकतो. या शब्दाचा सातबारा ऐकला आणि मी म्हटलं, "अगं, हा तर आपल्या रानातला शब्द!"

'क्लम्सी' हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा दिसतो तो सोळाव्या शतकाच्या शेवटी. त्याच्या आधी 'क्लम्सेन' असं एक जुनं क्रियापद होतं. त्याचा अर्थ थंडीने बधिर होणं, काकडून जाणं. स्वीडनच्या खेड्यांतल्या बोलीत असाच शब्द आहे आणि त्याचाही अर्थ थंडीने आखडलेला असाच. म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातून तो इंग्लंडात आला असावा, असं जाणकार म्हणतात. मुळात क्लम्सी माणूस म्हणजे अडाणी नव्हे, बेफिकीरही नव्हे. तो गारठलेला माणूस.

चौदाव्या शतकात विल्यम लँगलंड नावाच्या कवीने 'पिअर्स प्लाउमन' नावाचं मोठं काव्य लिहिलं. प्लाउमन म्हणजे नांगऱ्या. त्यात सत्य शोधायला निघालेल्या लोकांना हा नांगऱ्या सांगतो, थांबा, आधी माझं अर्धा एकर रान नांगरून होऊ द्या. मला हा माणूस फार आवडला. देव भेटायचा तेव्हा भेटेल, वाफसा निघून गेला तर परत येत नाही. तर थंडीने काकडण्याचा तो जुना शब्द या नांगऱ्याच्या काव्यात आलेला आहे. तिथे कुणी कुणाला हसत नाही. माणसाला थंडी वाजते, भूक लागते, तहान लागते, तशातलीच ती एक गोष्ट.

पुढे दोनशे वर्षांनी शब्दाने कूस बदलली. १६०० च्या सुमाराला जॉन मार्स्टन नावाच्या नाटककाराने हिवाळ्यालाच क्लम्सी म्हटलं. म्हणजे तोवर या शब्दात थंडी शिल्लक होती. पण बेन जॉन्सन हा दुसरा नाटककार, त्याचं मार्स्टनशी वाकडं होतं. त्याने १६०१ साली आपल्या 'पोएटास्टर' नाटकात एका कवड्याला ओकारीचं औषध दिलं, आणि त्या कवड्याच्या तोंडून मार्स्टनचे अवघड, चमत्कारिक शब्द एकेक करून बाहेर पाडले. त्यात हा 'क्लम्सी' पण पडला. जो शब्द आज गबाळेपणासाठी वापरतात, तोच त्या काळी गबाळा ठरला होता. जॉन्सनने ओकून टाकला तरी शब्द मेला नाही. मात्र होता होता त्याच्यातली थंडी उडून गेली आणि नुसती नावं ठेवणी राहिली.

शहरातल्या वाचकाला वाटेल, थंडी आणि वेंधळेपणा यांचा काय संबंध? त्याने एकदा पौषात रात्री गव्हाला पाणी भरून बघावं. महाराष्ट्रात थंडीचा आकडा खाली गेला की पेपरात निफाडचं नाव येतं. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. अशात मोटारीची लाईट रात्रीची असली की रात्रीच बॅटरी आणि फावडं घेऊन निघायचं. वाफा भरला की त्याचं दार बांधायचं, पुढचं फोडायचं. पाय गुडघ्याएवढ्या गार चिखलात. पहिला तासभर बोटं दुखतात. मग दुखायची थांबतात, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. शरीर हातापायांचं रक्त आखडून आत पोटाकडे, काळजाकडे राखून ठेवतं. बोटांना काय धरलंय ते कळेनासं होतं. फावडं धरलंय असं वाटतं आणि ते केव्हाच चिखलात पडलेलं असतं. काडेपेटीतल्या दहा काड्या मोडतात तेव्हा एक पेटते. चांगला चार माणसांचं काम ओढणारा गडी अशा वेळी सदऱ्याचं बटण लावू शकत नाही.

आपल्या मराठीने ही गोष्ट जपून ठेवली आहे. 'अवघडणे' हा शब्द बघा. एका अंगावर झोपलं की हात अवघडतो. दिवस भरत आलेली बाई अवघडलेली असते. आणि परक्या घरी, मोठ्या माणसांत बसल्यावर आपण अवघडून जातो. अंगाचं आणि मनाचं, दोन्ही एकाच शब्दात. म्हणून अवघडलेल्या माणसाला आपण हसत नाही, त्याला म्हणतो, "जरा मोकळं बसा."

पण वेंधळ्याला आपण हसतो. म्हणून एक गोष्ट सांगायची आहे. १९९६ सालची. आमच्याकडे सालाने एक गडी होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत. कामाला वाघ. पण त्या वर्षी त्याच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी बादली, मग विळा, मग चहाचा पेला. गावातल्या पारावर त्याला वेंधळ्या म्हणायला लागले, आणि तोही खाली मान घालून हसायचा. माझी आई लिहायला वाचायला शिकलेली नव्हती. ती एक दिवस मला म्हणाली, "थंडीत समद्यांच्याच हातून पडतं. ह्याच्या हातून चैतात पडतंय. ह्याला दवाखान्यात ने."

मी त्याला गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि दंडावरच्या फिकट चट्ट्याला कापूस लावला. त्याला कळलं नाही. पेनाचं टोक लावलं, तेही कळलं नाही. मग कोपरामागची शीर चाचपून पाहिली, ती सुतळीसारखी जाड लागत होती. कुष्ठरोग. या रोगाचे जंतू शिरांवर बसतात, आणि मग हाताला ना गार कळत, ना गरम. गोळ्या फुकट मिळाल्या. औषध सुरू झाल्यावर हा रोग दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं, म्हणून तो आमच्याच पडवीत राहिला. रोग पूर्ण बरा झाला. पण करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वाकडंच राहिलं, कारण मेलेली शीर सहसा परत जागी होत नाही. सहा महिने आधी गेलो असतो तर कदाचित तीही वाचली असती. ते सहा महिने पारावरच्या हसण्यात गेले.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आईने त्याच्या खुरप्याच्या, विळ्याच्या मुठीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, आणि चहा त्याला कधी पितळेच्या पेल्यात दिला नाही, दांडीच्या कपातच दिला. त्यानंतर तो अकरा वर्षं आमच्या रानात राबला.

तुमच्या घरात, रानात, कारखान्यात एखाद्याच्या हातून सारखं काही पडत असेल, तर नाव ठेवण्याआधी त्याचा हात हातात घेऊन बघा. गार आहे का, स्पर्श कळतो का, अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का. असला तर सरकारी दवाखान्यात घेऊन जा. गोळ्या आजही फुकटच मिळतात.