साडेबारा हजार किलोमीटर

ज्या घरातील एकही माणूस परदेशी नाही, असे घर आमच्या वसईत आता शोधावेच लागेल. मुलांना निरोप देताना आपण वर्षांचा हिशेब करतो, अंतराचा नाही. अंतराची खरी ओळख होते ती घरात अकस्मात काही घडले म्हणजे.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक यांवरून जाईल असे वाटते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. तो वायव्येस चढत जातो, आइसलंडला स्पर्श करतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. तीच जवळची वाट. विमानांना ती तंतोतंत पाळता येत नाही. वारे आणि देशोदेशींच्या सीमा त्यांना वळवितात. उंच आकाशातील वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास लागतात, तर येताना साडेचौदा-पंधरा. १९६० साली एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कला जाऊ लागले, ते लंडनमार्गे. २०२५ साली पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा पश्चिमेकडचे कित्येक प्रवास पुन्हा लांबले. किलोमीटर तेवढेच राहतात, तास बदलतात.

माझी आई वारली तेव्हा हे गणित आमच्या ओटीवर मांडले गेले. थोरले बंधू न्यूजर्सीत. हिवाळ्याचे दिवस; तिकडचे घड्याळ आपल्याहून साडेदहा तास मागे. फादरांना दफनविधीची वेळ कळवायची होती. बंधूंना तिकडचे दुपारी बाराचे विमान मिळाले, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. त्यात साडेचौदा तास मिळवले की दुसऱ्या दिवशी दुपारचा एक. पुढे तपासणी, सामान आणि सहारहून वसईपर्यंतचा रस्ता. भाच्याने कागदावर बेरीज केली आणि मिस्सा सायंकाळी पाचला ठरली. विमानाला उशीर झाला तर? फादर शांतपणे म्हणाले, "घंटा आपल्याच हातात आहे."

आत्या जपमाळ ओढता ओढता मध्येच विचारी, "आता तो समुद्रावर असेल की जमिनीवर?" त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीही नव्हते.

बंधू साडेचारला पोहोचले. आईच्या कपाळाला त्यांचा हात लागला.

सारे सुरळीत झाले, तरी साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे घरापासून घरापर्यंत जवळजवळ एक पूरा दिवस. तिकीट न मिळाले, धुके पडले, तर दोन. म्हणून किती वेळ थांबावे, हे वडीलधाऱ्यांनी मुलांशी आधीच बोलून ठेवावे, असे मला वाटते. ते ठरविण्याचा भार दुःखाच्या घडीला कोणा एकावर पडू नये. आमच्या आत्याचा धाकटा कॅनडात असतो. आईच्या दफनविधीनंतर तिने त्याला फोनवर सांगून ठेवले आहे, "एक दिवस तुझी वाट पाहीन. त्यापुढे मला थांबवू नका; आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस."